पटाची जोडी आणि प्रोसेसरचे गुण
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट वऱ्हाडात कोणाला नव्यानं सांगायला नको. जोडी सुटते आणि सेकंदाच्या लहानशा भागावरून नंबर ठरतो. पण नांदगाव खंडेश्वरच्या एखाद्या शेतकऱ्याला विचारा, ‘पटाची जोडी वखराला जुंपता का?’ तो हसेल. पटाची जोडी वेगळी, शेतीची वेगळी. संगणकाच्या प्रोसेसरचंही तसंच आहे.

मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगला लागली की घरात लॅपटॉपचा विषय निघतो. ‘बाबा, याचा स्कोअर जास्त आहे,’ असं म्हणत मुलं मोबाइलवर आकडे दाखवतात. बाबांना एवढंच कळतं की, मोठ्या आकड्यासाठी दहा-पंधरा हजार रुपये जास्त मोजायचे आहेत. हे पैसे सोयाबीन-कपाशीच्या हिशेबातून निघणार असतात. म्हणून हा आकडा येतो कुठून, हे दोघांनीही समजून घेतलेलं बरं.

प्रोसेसरला ठरावीक काम द्यायचं आणि ते किती वेळात होतं ते मोजायचं, याला बेंचमार्क म्हणतात. हौशी मंडळींमध्ये ‘सुपर पाय’ नावाची कसोटी बरीच वर्षं लोकप्रिय होती. त्यात पाय या संख्येचे दशांश दहा लाख स्थळांपर्यंत काढायचे आणि सेकंद मोजायचे. ‘सिनेबेंच’मध्ये संगणकाकडून एक चित्र रंगवून घेतात.

या कसोट्यांची गरज का पडली? पूर्वी लोक नुसते मेगाहर्ट्‌झ पाहत. पण एका ठोक्यात प्रोसेसर किती काम उरकतो, हे मेगाहर्ट्‌झ सांगत नाही. २००१ साली एएमडी कंपनीनं ‘ॲथलॉन एक्सपी १८००+’ बाजारात आणला. त्याचा खरा वेग होता १.५३ गिगाहर्ट्‌झ. नावातला आकडा वेगाचा नव्हता, कामाचा होता. असा दावा खरा की खोटा, हे काम करून घेतल्याशिवाय कळणार कसं? तिथं बेंचमार्क उपयोगी पडला.

याच मोजमापात महाराष्ट्रानंही नाव कमावलं आहे. पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. त्या कामाचं नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. पुढं नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातच टाटा समूहानं उभारलेला ‘एका’ हा महासंगणक जगातल्या पहिल्या पाचशेंच्या यादीत चौथा आला. ही यादी १९९३ पासून निघते. समीकरणांचा प्रचंड मोठा संच सोडवायला लावणाऱ्या ‘लिनपॅक’ कसोटीवर तिचे क्रमांक ठरतात. ‘एका’ची कागदावरची कमाल क्षमता सुमारे १७१ टेराफ्लॉप्स होती, कसोटीत प्रत्यक्ष मिळाले सुमारे ११८. कागदावरची ताकद आणि हातात पडणारं काम यांत एवढं अंतर असतं. आणि वर्षभरात ‘एका’ पहिल्या दहांच्या बाहेरही गेला. यंत्र तेच होतं, त्याचं कामही कमी झालं नव्हतं; दुसरे पुढं गेले, इतकंच.

आता आकडे कसे वाचायचे ते पाहू. बहुतेक कसोट्या दोन गुण देतात, एका कोअरचे आणि सगळ्या कोअरचे. निंदणाला आठ बाया लावल्या तर वावर लवकर आटोपतं. पण विहिरीत उतरायचं काम एकट्याचंच. टायपिंग, हिशेब, इंटरनेट यांत एका कोअरचा वेग जास्त जाणवतो. व्हिडिओ तयार करणं, मोठी आकडेमोड करणं, यांत सगळे कोअर कामी येतात. तेव्हा आधी आपलं काम ठरवा, मग गुण पाहा.

दुसरं असं की, गुणांची तुलना एकाच कसोटीच्या एकाच आवृत्तीत करावी. ‘गीकबेंच’च्या पाचव्या आणि सहाव्या आवृत्तीची मोजपट्टीच वेगळी आहे. एकीचा आकडा दुसरीशी लावणं म्हणजे किलोचा भाव क्विंटलशी लावणं.

तिसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. परीक्षेतला प्रश्न आधी माहीत असला की, तेवढाच घोकणारे निघतात. ‘स्पेक’ ही कसोट्या ठरवणारी जुनी संस्था. तिनं २०२४ साली इंटेलच्या प्रोसेसरवरचे अडीच हजारांहून अधिक निकाल सदोष ठरवले. प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरमध्ये त्या कसोटीपुरता लाभ देणारी सोय आढळली होती. म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नये. दोन-तीन वेगळ्या कसोट्या पाहाव्यात.

आणि चौथी गोष्ट खास आपल्या वऱ्हाडाची, ती म्हणजे ऊन. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. गार खोलीत पाच मिनिटांत मिळालेले गुण मे महिन्यात पत्र्याच्या घरात टिकतीलच असं नाही. लाइट गेल्यावर बॅटरीवरही बरेच लॅपटॉप वेग उतरवतात. दुकानात शक्य असेल तर तीच कसोटी अर्धा तास पुन्हा पुन्हा लावून पाहा. पहिल्या आणि शेवटच्या गुणांत फार फरक पडला, तर त्या यंत्राची हवा खेळती नाही असं समजा.

दोन यंत्रांच्या गुणांत शेकडा पाच-दहाचा फरक असेल, तर रोजच्या वापरात तो सहसा जाणवत नाही. जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असेल तर मात्र फरक लगेच कळतो. मेमरी अपुरी असली की चांगला प्रोसेसरही ताटकळत बसतो. तेव्हा प्रोसेसरच्या चार जास्त गुणांसाठी ठेवलेले पैसे मेमरीत घालून पाहा. उरलेच तर मुलांच्या पुस्तकांना आणि खोलीच्या भाड्याला कामी येतील.

मुलांनी गुणांच्या गप्पा जरूर माराव्यात, त्यातून पुष्कळ शिकायला मिळतं. फक्त दुकानात जाण्यापूर्वी बाबांजवळ बसून या यंत्रावर रोज कोणती कामं होणार, याची एक यादी करावी.