मुलाखतीआधी कंपनीच्या जाहिराती बघा

मार्केटिंगच्या मुलाखतीत ‘आमच्याबद्दल काय माहिती आहे?’ असं विचारलं, की बरेच जण वेबसाइटवरचंच पाठ करून म्हणतात. त्यापेक्षा आदल्या दिवशी मोबाइलवर मेटा ॲड लायब्ररी उघडा. फुकट आहे. कंपनीचं नाव टाका. फेसबुक-इन्स्टावर सध्या चालू असलेल्या तिच्या जाहिराती आणि त्या कधी सुरू झाल्या ते दिसेल. मग स्पर्धकांच्याही बघा. एखादी जाहिरात 3-4 महिने चालूच असेल, तर ती बहुधा गिऱ्हाईक आणतेय. विक्रीचा आकडा मात्र तिथे कळत नाही, म्हणून छातीठोक बोलू नका. ‘मी ही एक गोष्ट करून बघेन, कारण…’ एवढंच सांगा. अनुभव कमी असला, तरी तुम्ही विचार कसा करता ते समोरच्याला कळतं.