न बोललेलें दुखणें



आजचा विषय ऐकतांच कांहीं घरांतून आकाशवाणीच्या यंत्राचा कान पिळला जाईल, याची मला कल्पना आहे. कृपा करून तसें करूं नये. स्त्रियांच्या गुह्यांगाच्या बारीकसारीक तक्रारींविषयीं, आणि त्यांपैकीं कोणत्या मुळांत तक्रारीच नव्हेत याविषयीं, मी बोलणार आहें. हा विषय माजघराइतकाच ओसरीवरचाहि आहे.

मी वैद्य नाहीं. निवृत्त शाळामास्तर आहें. शरीरशास्त्रांतील हा भाग आला कीं ‘घरीं वाचा’ असें सांगून मीं तीस वर्षें तीं पानें उलटलीं. त्याची शिक्षा माझ्याच घरीं झाली. जासईस आमची थोडी भातशेती होती. लावणीच्या दिवसांत ओलें लुगडें दिवसभर अंगावर राहून माझ्या पत्नीला खाज सुटली. तिनें ती दोन पावसाळे अंगावर काढली. पुढें कोणाच्या सांगण्यावरून ती जंतुनाशक औषधाच्या पाण्यानें धुऊं लागली, तों आग दुपटीनें वाढली. अखेर डॉक्टरीणबाईंनीं तपासून सांगितलें, “मूळची खाज कोरड्या वस्त्रानें गेली असती. आतांची आग तुमच्या औषधाची आहे.” मला तें सारें त्या दिवशीं प्रथमच कळलें!

बाईंनीं आम्हां उभयतांना जें समजावून दिलें, तें थोडक्यांत असें. योनिमार्ग आपली स्वच्छता आपणच राखतो. तेथील उपकारक जंतू, म्हणजे दुधाचें दहीं करणाऱ्या जंतूंचेच भाऊबंद, आम्ल निर्माण करतात. त्यामुळें अपकारक जंतूंना थारा मिळत नाहीं. आंत साबण, अत्तर किंवा जंतुनाशक घालणें म्हणजे राखणदारालाच हुसकून लावणें होय. बाहेरून साधें पाणी पुरे. वस्त्र सुती असावें, उन्हांत वाळवावें, आणि भिजलें तर लगेच बदलावें.

अंगावरून थोडें पांढुरकें जाणें हें वयांत आलेल्या स्त्रीच्या निरोगी प्रकृतीचें लक्षण आहे. दोन पाळ्यांच्या मध्याच्या सुमारास तें निवळ व तार धरणारें असतें, नंतर दाटतें, गरोदरपणीं वाढतें. त्यानें हाडें झिजतात ही समजूत निराधार आहे. चेहरे जसे निरनिराळे, तशीच या अंगाची घडणहि निरनिराळी. दोन बाजू सारख्या नसणें हें व्यंग नव्हे. पाळी कायमची गेल्यावर कोरडेपणा येतो, त्यावरहि उपाय आहेत.

परंतु फुटक्या दह्यासारखा स्राव व खाज, माशासारखी दुर्गंधी, हिरवट-पिवळा रंग, व्रण, ओटीपोटांत कळ किंवा ताप, यांपैकीं कांहीं दिसल्यास डॉक्टरांकडे जावें. दोन पाळ्यांच्या मधें, अथवा पाळी गेल्यावर, रक्त दिसलें तर मुळींच विलंब लावूं नये. खाज वारंवार उलटत असेल तर मधुमेहाचीहि तपासणी करावी.

हा अबोला आपल्याकडे फार जुना आहे. पुरुष डॉक्टरांपुढें बोलण्याच्या संकोचानें स्त्रिया दुखणीं सोसतात, हें जाणून आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या आणि १८८६ सालीं फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या. र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून असे विषय उघडपणें मांडले. त्यांवर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यांत त्यांच्या बाजूनें डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयांत उभे राहिले.

आपणांस न्यायालयांत उभें राहावयाचें नाहीं. मातांनीं आपल्या मुलींना पाळीच्या आधींच हें सांगावें. पतींनीं ऐकून घ्यावें, चेष्टा करूं नये, आणि दवाखान्यांत सोबत जावें. शिक्षकबंधूंस माझी एवढीच विनंति कीं, तें पान उलटूं नका; मीं उलटलें होतें.