पात्रतेची वेळ
(शिरूर येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून धावण्याविषयी काय बोलायचे, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. पण आज मी एका अशा शर्यतीविषयी बोलणार आहे, की जिच्यात उतरण्यासाठी आधी परीक्षा द्यावी लागते. परीक्षा हा तर आपल्या सर्वांच्याच घरातला विषय आहे.

मॅरेथॉनचे अंतर 42 किलोमीटर 195 मीटर. शिरूरहून पुण्याच्या रस्त्याला लागावे, शिक्रापूर ओलांडावे, कोरेगाव भीमा मागे टाकावे आणि लोणीकंदच्या जवळपास पोहोचावे, इतके हे अंतर. अमेरिकेतील बोस्टन शहरात ही शर्यत 1897 पासून होते. भाग घेणाऱ्यांची गर्दी वाढली, तेव्हा 1970 साली तेथे पात्रतेची अट आली. आज बहुतेकांना दुसऱ्या एखाद्या अधिकृत मोजणीच्या मॅरेथॉनमध्ये ठरलेल्या वेळेच्या आत धावून दाखवावे लागते, तेव्हाच अर्ज करता येतो.

या नियमातील मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे सर्वांना एकच फूटपट्टी लावलेली नाही. 2026 च्या शर्यतीसाठी 18 ते 34 वर्षांच्या पुरुषांना 2 तास 55 मिनिटे आणि स्त्रियांना 3 तास 25 मिनिटे अशी वेळ होती. 45 ते 49 या वयाच्या पुरुषांना 3 तास 15 मिनिटे व स्त्रियांना 3 तास 45 मिनिटे. साठी ओलांडलेल्या पुरुषांना 3 तास 50 मिनिटे, स्त्रियांना 4 तास 20 मिनिटे. ऐंशीच्या पुढे गेलेल्यांसाठीही स्वतंत्र वेळ आहे. वय धरतात ते बोस्टनच्या शर्यतीच्या दिवशीचे. म्हणजे चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला कोणी 'आता तुमचे वय झाले' असे म्हणत नाही. त्याच्या वयाला साजेल असे, पण कठीणच, काम त्याच्यापुढे ठेवते. मुलांना 'अभ्यास कर' असे सांगणाऱ्या आपण पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, आता थोडे गणित करा. 2 तास 55 मिनिटांत पोहोचायचे तर दर किलोमीटर सुमारे 4 मिनिटे 9 सेकंदांत संपवावा लागतो. 400 मीटरच्या मैदानाची एक फेरी 100 सेकंदांच्या आत, आणि अशा साडेपाच कमी एकशेअकरा, म्हणजे साडेएकशेपाच फेऱ्या! एक फेरी कोणीही मारील. प्रश्न शंभराव्या फेरीचा आहे.

हे आपल्या लोकांना जमेल काय? इतिहास सांगतो की जमले आहे. 1919 साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत खेड्यापाड्यांतले धावपटू अनवाणी धावले. ते पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचे खेळाडू गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्यांनी मॅरेथॉन 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत पुरी करून 19 वा क्रमांक मिळवला. त्या वर्षी अंतरही जास्त, 42.75 किलोमीटर होते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची ही वेळ आजच्या तरुण गटाच्या अटीत बसते. सातारा जिल्ह्यातील माण या दुष्काळी तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी 2015 च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये 2 तास 38 मिनिटे 21 सेकंद अशी वेळ दिली. पुढच्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत त्या धावल्या. मोहीच्या माळरानात आणि आपल्या घोडनदीकाठच्या माळात फारसा फरक नाही.

मुलींच्या पालकांना येथे दोन शब्द सांगतो. बोस्टनमध्ये स्त्रियांना अधिकृत प्रवेश 1972 साली मिळाला. तोपर्यंत इतके अंतर स्त्रियांना झेपणार नाही, असे मोठमोठे जाणकार सांगत. इथिओपियात जन्मलेल्या, नेदरलँड्सतर्फे धावणाऱ्या सिफान हसन या मुस्लिम भगिनीने 2023 साली रमजानचे रोजे सांभाळून सराव केला आणि ईद होताच लंडनची मॅरेथॉन जिंकली. 2024 साली पॅरिसला तिने ऑलिंपिकचे सुवर्णपदक घेतले. घराण्याची अब्रू आणि मुलीची धाव यांत वैर नाही. मुलीला सकाळी मैदानावर जायला सोबत हवी असेल तर ती आपण द्यावी.

आता मुख्य मुद्दा. पात्रता मिळाली की प्रवेश मिळतोच, असे नाही. 2025 च्या शर्यतीसाठी इतके अर्ज आले की दिलेल्या वेळेपेक्षा 6 मिनिटे 51 सेकंद किंवा त्याहून अधिक लवकर पोहोचलेल्यांनाच घेतले गेले. अट पुरी केलेले बारा हजारांहून अधिक धावपटू बाहेर राहिले. त्यानंतर 2026 साठी साठीच्या आतील सर्व गटांची वेळ 5 मिनिटांनी कडक केली, तरी आणखी 4 मिनिटे 34 सेकंदांची आघाडी लागलीच. कॉलेजच्या प्रवेशयादीसमोर उभे राहिलेल्या आपल्या मुलांना हे दुःख नवे नाही. पहिला वर्ग मिळाला, पण यादी त्याच्या वरच बंद झाली!

अशा वेळी दोन वाटा असतात. एक, नशिबाला बोल लावून बसायचे. दुसरी, काठावरच्या गुणांवर विसंबायचे नाही. जाणता धावपटू 2 तास 55 मिनिटांचे लक्ष्य ठेवीतच नाही. तो 2 तास 45 चे ठेवतो. पस्तीस गुणांचा अभ्यास करणारा तीसवर थांबतो, हे शिक्षकांना सांगायला नको. आणि बाहेर राहिलेल्या त्या बारा हजारांची मेहनत वाया गेली काय? त्यांची फुप्फुसे, त्यांचे पाय, पहाटे उठण्याची त्यांची सवय कोणी काढून घेतली नाही. यादीत नाव नसले म्हणून मुलाला नालायक ठरवू नका. पुढच्या वर्षाची तयारी त्याच्या अंगात आधीच मुरलेली असते.

तयारीची रीत साधी आहे. अंतर हळूहळू वाढवावे. आठवड्यातील बहुतेक दिवस बोलता येईल इतक्या सावकाश धावावे, एक दिवस वेगाचा, एक दिवस लांब पल्ल्याचा आणि एक दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवावा. चाळिशीपुढच्यांनी आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. आपल्याकडचे ऊन लक्षात घेऊन उजाडतानाच बाहेर पडावे. रोजाच्या दिवसांत अंतर कमी करावे आणि इफ्तारनंतर पाणी भरपूर घ्यावे. वाढत्या वयाच्या मुलांनी मात्र पूर्ण मॅरेथॉनच्या नादी लागू नये. बोस्टनलाही 18 वर्षांखालील कोणाला घेत नाहीत. त्यांनी शाळेच्या मैदानावर छोटी अंतरे चांगली धावावीत.

आपल्यापैकी प्रत्येकाने बोस्टनला जावे, असे माझे म्हणणे नाही. पण आपल्या वयाला शोभेल अशी एक कठीण वेळ प्रत्येकाने स्वतःसाठी ठरवावी, मग ती रस्त्यावरची असो वा पुस्तकातली. मुलगा दहावीचा अभ्यास करीत असताना बापाने रोज पाच किलोमीटर चालण्याचा नेम धरला, तर त्या घरात उपदेशाची गरज उरणार नाही.