सभासदांची यादी कोणाच्या मालकीची?



संघटनेची सभासद-नोंदवही ही सामान्यतः कारकुनी कामाची वस्तू समजली जाते. नाव, पत्ता, वर्गणी भरल्याची तारीख, एवढाच तिचा मजकूर. परंतु बाजाराच्या लेखी हीच वही मोलाचा माल आहे. एका विशिष्ट आवडीची आणि ऐपतीची माणसे एका जागी नोंदलेली मिळाली की विक्रेत्याचा ग्राहक शोधण्याचा खर्च वाचतो. वाचलेल्या खर्चातला काही हिस्सा तो संघटनेला देऊ करतो. यादीला किंमत येते ती अशी. या व्यवहारात विक्रेत्याचा लाभ होतो, संघटनेच्या तिजोरीत भर पडते. उपद्रव मात्र ज्याचे नाव यादीत आहे त्याच्या वाट्याला येतो. सौद्याच्या वेळी तो हजरच नसतो.

नेदरलँड्समधील टेनिस महासंघाचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. २०१८ साली या महासंघाने आपल्या लाखो सभासदांची माहिती मोबदला घेऊन दोन पुरस्कर्त्यांना पुरवली. एक खेळाच्या साहित्याचा विक्रेता, दुसरा लॉटरीचा धंदा करणारा. त्यानंतर काहींच्या घरी जाहिरातीची पत्रे गेली, काहींना दूरध्वनी आले. तक्रारी झाल्या आणि तेथील माहिती-संरक्षण प्राधिकरणाने महासंघाला ५,२५,००० युरोंचा दंड ठोठावला. मार्च २०२० मध्ये तो जाहीर झाला.

महासंघाचा बचाव अगदीच टाकाऊ नव्हता. पुरस्कर्त्यांच्या सवलतींचा लाभ सभासदांनाच मिळतो आणि खेळ स्वस्त राहण्यास मदत होते, असे त्याचे म्हणणे होते. शिवाय सभासदांच्या प्रतिनिधी-परिषदेने या व्यवहाराला मान्यता दिलेली होती. प्रकरण ॲमस्टरडॅमच्या न्यायालयामार्फत लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयापुढे गेले. त्याने ४ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल दिला. निव्वळ व्यापारी हितसंबंध कायदेशीर ठरूच शकत नाही, ही प्राधिकरणाची टोकाची भूमिका न्यायालयाने मान्य केली नाही. मात्र असा हितसंबंध साधण्यासाठी माहिती देणे खरोखरच अपरिहार्य होते काय, हे तपासले पाहिजे, असे त्याने बजावले. सभासदांना आधी कळवून, त्यांची इच्छा विचारणे महासंघाला शक्य होते, याकडेही न्यायालयाने लक्ष वेधले. टेनिस खेळण्यासाठी नाव नोंदवणाऱ्याने आपला पत्ता लॉटरीवाल्याकडे जाईल अशी अपेक्षा का धरावी, हा प्रश्न त्यातून आपोआप उभा राहतो.

लोकशाही समाजवादाच्या कार्यकर्त्यांना या प्रकरणातला सर्वांत अवघड मुद्दा ठरावाचा वाटला पाहिजे. सामूहिक निर्णयावर चळवळीची श्रद्धा आहे. परंतु बहुमताच्या अधिकारालाही सीमा आहे. वर्गणी किती असावी, निधी कशावर खर्च करावा, हे बहुमताने ठरवता येते, कारण तो सर्वांचा सामायिक कारभार आहे. सभासदाचा पत्ता सामायिक मालमत्तेत जमा होत नाही. तो त्याने ठेव म्हणून दिलेला असतो, आणि तोही सभेची सूचना, अहवाल व मुखपत्र पोहोचावे या ठरावीक कामासाठी. ठेव दुसऱ्याला द्यायची तर ठेवणाऱ्यालाच विचारावे लागते. इतरांनी हात वर करून भागत नाही.

भारतात या ठेवीचे मोल अधिकच आहे. येथे आडनाव आणि वस्ती एकत्र वाचली तर माणसाची जात, धर्म आणि पुष्कळदा मिळकत उघडी पडते. कामगार संघटनेची यादी मालकाच्या हाती लागली तर कोणाची बदली करावी आणि कोणाला कंत्राट नाकारावे, हे त्याला आयतेच कळते. पत्रपेटीत पडणारी जाहिरात हा त्यामानाने किरकोळ त्रास.

यावर कोणी म्हणेल की मग नोंदवही कुलुपातच ठेवावी. तसे मुळीच नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० नुसार सभासदाला आपल्या संस्थेची सभासद-नोंदवही विनामूल्य पाहता येते. बोगस सभासद शोधण्यासाठी आणि पदाधिकाऱ्यांना जाब विचारण्यासाठी हा हक्क आवश्यकच आहे. सभासदाने सत्ताधाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी वही उघडणे आणि पदाधिकाऱ्यांनी ती बाजारात नेणे, या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचा फरक आहे. दुसरीला आळा घालण्याच्या मिषाने पहिलीवर गदा येऊ नये, याची जागरूकता हवी.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमती मुक्त, विशिष्ट आणि माहितीपूर्वक असावी, असे हा कायदा सांगतो. पण तो लागू आहे तो डिजिटल स्वरूपातल्या माहितीला. कपाटातल्या कागदी वहीचे रक्षण संघटनेच्या नीतीवरच सोडलेले आहे.

म्हणून कायद्याची वाट न पाहता संघटनांनी काही गोष्टी स्वतःहून कराव्यात. प्रवेश-अर्जावर पत्ता कशासाठी घेतला जातो ते स्पष्ट छापावे. बाहेर माहिती देण्याची संमती वेगळ्या रकान्यात मागावी, आणि तो रकाना कोरा राहिला तर नकार समजावा. नकार देणाऱ्याचे सभासदत्व कोणत्याही प्रकारे उणे होऊ नये. पुरस्कर्त्याशी झालेला प्रत्येक करार वार्षिक सभेपुढे ठेवावा. पुरस्कर्त्याचे पत्रक पाठवायचेच असेल, तर ते संघटनेने स्वतः पाठवावे. यादी हातची जाऊ देऊ नये. निवडणुकीच्या दिवसांत मंडळांच्या आणि पतसंस्थांच्या याद्या उमेदवारांच्या कचेऱ्यांत पोहोचतात. त्या घेणाऱ्यांत आपल्या पक्षाचे कार्यकर्ते असतील, तर त्यांनाही हाच नियम लागू व्हावा.

अशाने काही उत्पन्न बुडेल, हे खरे. ते वर्गणीतून भरून काढण्याची तयारी हवी, आणि त्यासाठी कार्यकर्त्यांना सभासदांच्या दारी पुन्हा जावे लागेल. ज्या संघटनेला सभासदाकडे वर्गणी मागण्याचा संकोच वाटतो आणि त्याचा पत्ता विकण्याचा वाटत नाही, तिने सभासद आणि गिऱ्हाईक यांतला भेद केव्हाच पुसून टाकलेला असतो.