विटांचा हिशेब



महोत्सवाच्या दिवशीं गोड बोलावें असा रिवाज आहे. परंतु पवित्र शास्त्र आपल्याशीं सदैव गोड बोलत नाहीं. नाथान संदेष्टा दावीद राजापुढें गेला तेव्हां त्यानें आरंभीं एक साधी गोष्ट सांगितली: एका धनवानानें गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेतली. ती ऐकून राजा संतापला, असा माणूस मरणास पात्र आहे म्हणाला. आणि मग संदेष्ट्यानें दाखवून दिलें कीं तो धनवान खुद्द राजाच होय. शास्त्र ऐकून दुसऱ्यावर रागावणें फार सोपें. आपण बहुतेक तेवढ्यावरच थांबतों.

आतां निर्गम ग्रंथाचा पांचवा अध्याय घ्या. फारोनें इस्राएल लोकांना विटांसाठीं लागणारें गवत देणें बंद केलें, पण विटांची संख्या मात्र कमी केली नाहीं. ही कथा ऐकतांना आपण स्वतःस नेहमीं इस्राएलांच्या रांगेंत उभे करतों. खर्डींत राहून तसें करण्याचा आपणांस कितपत अधिकार आहे, हाच आमचा आजचा प्रश्न आहे.

दिवाळी सरली कीं शहापूर-मुरबाडच्या वाड्या-पाड्यांतून कातकरी कुटुंबें भिवंडी-कल्याणाकडील वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्यांत घरांत दाणा नसतांना घेतलेला बयाणा फेडावयाचा असतो. नवराबायको मिळून विटा पाडतात. मजुरी दर हजार विटांमागें ठरते. आठवड्यास खर्ची मिळते, ती हिशेबांतून वजा होते. आणि पाऊस तोंडावर आला म्हणजे मालक वही उघडतो. वही त्याची, अक्षरही त्याचेंच. अंगावर बाकी निघाली कीं पुढल्या हंगामाचें काम आधींच ठरलें. मुलांची शाळा मध्येंच सुटते तें निराळेंच.

पूर्वीं याच ठाणें जिल्ह्यांत लग्नासाठीं कर्ज काढलेला गडी बायकोसह सावकाराकडे राबत असे. त्यास लग्नगडी म्हणत. १९४५ च्या जानेवारींत येथून जवळच, टिटवाळ्यास, किसान सभेची परिषद भरली, आणि त्याच वर्षीं तलासरी-उंबरगांवकडील वारल्यांनीं ती वेठ झुगारून दिली. वेठबिगार नष्ट करणारा कायदा व्हावयास १९७६ साल उजाडलें. यांतलें पुष्कळ कार्य अशा लोकांनीं केलें, जे आपल्या देवळाची पायरी कधीं चढले नाहींत. हें कबूल करतांना आपला अभिमान थोडा दुखतो, दुखूं द्यावा.

धर्मशिक्षणाच्या वर्गांत आपण स्वर्गाकडे सूड मागणारीं चार पापें पाठ केलीं. त्यांतलीं दोन म्हणजे गरिबांवर जुलूम करणें आणि मजुराची मजुरी बुडविणें. संत याकोबाच्या पत्राचा पांचवा अध्याय तेंच सांगतो, आणि १८९१ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं कामगारांविषयीं लिहिलेल्या परिपत्रकांत त्याचाच आधार घेतला. तरीही पापनिवेदनाच्या वेळीं आपण रविवारची मिस्सा चुकल्याचें सांगतों. लावणीस आलेल्या बाईचे अर्धे पैसे मागें ठेवले, हें कोण सांगतो? हा व्यवहार आहे, यांत धर्म कशाला, असें म्हणून पुस्तक मिटलें जातें. मोशेच्या नियमशास्त्राला मात्र असे दोन कप्पे ठाऊक नाहींत. गरिबाची मजुरी सूर्यास्तापूर्वीं त्याच्या हातीं पडलीच पाहिजे, इतकें तें रोखठोक आहे.

आपणांपैकीं कोणी भट्टीचा मालक नसेलही. परंतु आपलीं पक्कीं घरें ज्या विटांनीं उभीं राहिलीं त्या कोणाच्या हातांनीं पाडल्या, हें आपण विचारलेलें नाहीं. आपल्यांत बेरीज-वजाबाकी उत्तम जाणणारे तरुण पुष्कळ आहेत. दिवाळीपासून प्रत्येक खर्चीची नोंद कातकरी भावाच्या स्वतःच्या वहींतही होईल, एवढें त्यांनीं पाहावें. आणि ज्येष्ठापूर्वीं हिशेब होतील तेव्हां दोघां-तिघांनीं त्याच्यासवें भट्टीवर जाऊन दोन्ही वह्या शेजारीं शेजारीं ठेवाव्या. बेरीज चुकली असेल तर ती तेथेंच, मालकासमोर, मोठ्यानें वाचावी.