कर्ज फेडायला माणसं लागतात

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीनं मला सांगितलं, 'काका, तुम्ही बँकेत होतात, तर गुंतवणुकीवर बोला.' मी म्हटलं, गुंतवणुकीवर बोलणारे रोज टीव्हीवर दिसतात. मी कर्जावर बोलतो. आणि कर्ज मिळवावं कसं यावर नाही, तर अंगावर आलेलं कर्ज फेडावं कसं आणि त्यात इतरांनी काय करावं, यावर.

उत्सवात हा विषय काहींना खटकेल. पण आपण बसलोय ती वास्तू कर्जावरच उभी राहिली आहे. पंचवीस वर्षांपूर्वी गृहकर्जाचा दर १२-१३ टक्क्यांच्या आसपास होता आणि बँका जामीनदार मागत. कुणाला मेव्हण्यानं सही दिली, कुणाला ऑफिसातल्या सहकाऱ्यानं. मग घरातल्या शाळकरी मुलांनासुद्धा हप्त्याची तारीख पाठ असायची. ती कर्जं फिटली. माझ्या नोकरीत मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली : घराला माहीत असलेलं कर्ज फिटतं, लपवलेलं कर्ज वाढतं.

एक उदाहरण देतो. साल १९८८. आमच्या शाखेत एक कारकून होता. नाव सांगत नाही. बहिणीच्या लग्नासाठी त्यानं एका खासगी सावकाराकडून २०,००० रुपये घेतले, महिना शेकडा पाचनं. म्हणजे दरमहा १,००० रुपये नुसतं व्याज. पगार दोन हजारांच्या आसपास. वर्षभरात त्यानं १२,००० रुपये भरले आणि मुद्दल वीस हजारच्या वीस हजार! बायकोला सांगितलेलं नव्हतं. डबा आणणं बंद झालं, चहाला आमच्यात येणं बंद झालं. शेवटी हेडक्लार्कनी त्याला बाजूला घेतलं आणि एवढंच विचारलं, 'किती आहे?' कसं झालं, का घेतलंस, हे काही नाही. फक्त आकडा.

आकडा कळल्यावर आम्ही चौघं बसलो. पैसे काढून कुणीच दिले नाहीत. कर्मचाऱ्यांच्या पतपेढीचा दर तेव्हा वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला एक टक्का. दोघं जामीन राहिले. हेडक्लार्क स्वतः त्याच्याबरोबर सावकाराकडे गेले, पैसे मोजून दिले, प्रॉमिसरी नोट परत घेतली आणि तिथंच फाडली. आता गणित बघा. तोच माणूस, तोच पगार, तेच महिन्याचे हजार रुपये. सावकाराकडे त्या हजारात जन्मभर मुद्दल हललं नसतं. पतपेढीत ते कर्ज २३ महिन्यांत फिटलं.

जाण्याआधी एक अट मात्र हेडक्लार्कनी घातली होती : 'आज घरी सांगायचं, नाहीतर माझी सही नाही.' तो सांगताना रडला म्हणे. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच वही घातली, आणि ते तेवीस महिने खरे त्या वहीनं काढले.

तुकोबांच्या घरी महाजनकी होती, आणि आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते. आपल्याला असा सावकार भेटणं कठीण. आपली खतं आपल्यालाच सोडवायची आहेत.

आजचा सावकार मोबाइलमध्ये बसलाय. क्रेडिट कार्डाचं उदाहरण घ्या. समजा ५०,००० रुपये थकले आणि व्याज महिना साडेतीन टक्के. महिन्याचं व्याज १,७५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५. तुम्ही २,५०० रुपये भरले, तर मुद्दलात जातात फक्त ४३५! शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. बिलावर 'मिनिमम ड्यू' म्हणून छापलेली रक्कम भरली की दंड टळतो, कर्ज टळत नाही. आमच्या त्या कारकुनाची गोष्ट आणि ही गोष्ट एकच आहे, फक्त सावकाराला चेहरा नाही.

मग करायचं काय? एक फुलस्केप कागद घ्या. प्रत्येक देणं लिहा : कुणाचं, किती, व्याज किती, हप्ता किती. मित्राचे उसने आणि वाण्याची उधारीसुद्धा. हा कागद घरातल्या माणसासमोर ठेवा. कार्ड बाजूला ठेवा, नवं कर्ज बंद. मग सगळ्यात महाग कर्ज आधी फेडा. जमल्यास ते स्वस्तात बदलून घ्या. मुदतठेवीवरचं कर्ज ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्केच महाग असतं. सोनेतारणही बहुधा कार्डापेक्षा स्वस्त पडतं. आणि हप्ता चुकण्याआधी बँकेत जा. चुकण्याआधी आलेल्या माणसाशी बोलायला अधिकाऱ्याकडे चार पर्याय असतात, नंतर ते कमी होत जातात.

वसुलीवाल्यांना घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे थकबाकीसाठी फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही. चारचौघांत अपमान करणं, नातेवाइकांना नि मित्रांना छळणं यालाही मनाई आहे. बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथं फी लागत नाही.

आता मदत करणाऱ्यांसाठी. पहिलं, कागद बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तुमच्या पैशानं एक भोक बुजतं आणि शेजारी दुसरं पडतं. दुसरं, जामिनाची सही म्हणजे साक्षीदाराची सही नव्हे. भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८ : वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. जेवढं स्वतः भरू शकाल तेवढ्यावरच सही करा. नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणा, पण कागद मांडायला जरूर बसा. तिसरं, निवृत्त मंडळींनो, मुलाच्या कर्जासाठी आपली औषधपाण्याची ठेव पूर्ण मोडू नका. उद्या तुमचा भारही त्याच्यावरच येईल. चौथं, महिन्यातून एकदा त्याचा आकडा विचारणारा एक माणूस नेमा. एकच, दहा नकोत. आणि ऐकलेलं जिन्यात बोलायचं नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या सोसायटीचा, आणि तो काहींना आवडणार नाही. कर्जात बुडणाऱ्या घराची पहिली खूण बँकेला नाही, आपल्याला दिसते. मेंटेनन्स थकतो. आपण काय करतो? खाली नोटीस बोर्डावर नाव लावतो. आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर सरळव्याज लावता येतं, तेही लावतो. मी वसुलीच्या विरोधात नाही. आयुष्यभर वसुलीच केली. वॉचमनचा पगार आणि लिफ्टचं बिल कुणाच्या अडचणीसाठी थांबत नाही. पण बोर्डावरचं नाव सगळ्यात आधी त्या घरातली मुलं वाचतात, शाळेत जाता-येता. आणि ज्याला हात पुढे करायचा होता तो मग लिफ्टमध्येसुद्धा मान खाली घालतो. जो मुद्दाम भरत नाही, त्याला बोर्डाचं काहीच वाटत नाही!

म्हणून माझी कार्यकारिणीला विनंती आहे. नाव लावण्याआधी दोघांनी त्या घरी जावं. हातात बिल नको. बसावं, चहा घ्यावा आणि विचारावं, 'किती आहे? हप्ते पाडून देऊ का?' सोसायटीनं कुणाला कर्ज द्यावं असं मी म्हणत नाही, तो आपला उद्योग नव्हे. पण आपल्यात निवृत्त बँकवाले आहेत, एक सीए आहेत, हिशेबाला चोख अशा गृहिणी तर घराघरात आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी ऑफिसात बसेन. कागद घेऊन या. दार लावून बसू, आणि माझ्याकडून आकडा बाहेर जाणार नाही.

आपल्या संस्थेच्या नावात 'सहकारी' हा शब्द 'गृहनिर्माण'च्या आधी येतो. गृहनिर्माण पंचवीस वर्षांपूर्वी झालं. आधीचा शब्द अजून रोज पाळायचा आहे.