महानगराच्या शाळांचा कारभारी कोणी निवडावा?

(लोहारा येथे वर्षावासानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, मोठ्या शहरातल्या महापालिकेच्या शाळांवर बोलायचे आहे. त्यावर एक कार्यकर्ते म्हणाले, "गुरुजी, आपण लोहाऱ्यात. इथे जिल्हा परिषदेच्या शाळा. शहराचं काय घेऊन बसलात?" त्यांचे म्हणणे वरवर बरोबर आहे. पण आपल्या लोहाऱ्यातली, सास्तूरची, जेवळीची, माकणीची किती घरे आज पुण्या-मुंबईत आहेत, हे जरा मनात मोजून पाहा. पोटासाठी गेलेला आपला माणूस तिथे बांधकामावर जातो, हमाली करतो, आपली बहीण चार घरची धुणीभांडी करते. त्यांची मुले कोठे शिकतात? इंग्रजी शाळेची फी परवडत नाही म्हणून ती महापालिकेच्या शाळेत बसतात. म्हणून हा विषय शहराचा असला तरी प्रश्न आपलाच आहे.

एक घरचा अनुभव सांगतो. माझी धाकटी बहीण एका मोठ्या शहरात राहते. शहराचे व शाळेचे नाव घेत नाही, कारण मला कोणाची उणीदुणी काढायची नाहीत. तिचा मुलगा सातवीत असताना वर्गाला गणिताचे शिक्षक नव्हते. जून गेला, जुलै गेला. आमचे दाजी एक दिवसाची मजुरी बुडवून शिक्षण विभागाच्या कचेरीत गेले. तिथे कळले, साहेबांची बदली झाली आहे, नवे साहेब अजून रुजू व्हायचे आहेत. महिन्याने पुन्हा गेले. नवे साहेब आले होते, पण ते म्हणाले, मी नवीन आहे, मला माहिती घेऊ द्या. रात्री दाजींनी मला फोनवर विचारले, "गुरुजी, या साहेबाला नेमतं कोण? आपल्याला कोणी कधी विचारलंय का?"

मी ३१ वर्षे शिक्षकी केली. तरी या साध्या प्रश्नाचे उत्तर मला चटकन देता आले नाही. म्हणून मी थोडा अभ्यास केला. तो आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी व्यवस्था समजून घेऊ. मुंबई महापालिका १८८८ च्या कायद्याने चालते. तिच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा ८ भाषांत चालतात. एवढा मोठा हा संसार. त्यावर लक्ष ठेवण्यासाठी कायद्याने शिक्षण समिती दिली आहे आणि तिचा अध्यक्ष नगरसेवकांतून येतो. प्रत्यक्ष कारभार मात्र आयुक्तांच्या हाताखालचे अधिकारी पाहतात. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले आणि समितीही उरली नाही. पुढे ३ वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही. म्हणजे पहिलीत गेलेले मूल चौथीत पोचले, तरी त्याच्या शाळेविषयी सभागृहात प्रश्न विचारणारा निवडून दिलेला माणूस नव्हता.

इतर शहरांत १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याखाली शिक्षण मंडळे होती. त्यांचे सदस्य नगरसेवकांच्या मतांनी निवडले जात. त्यांत काही चांगली, तळमळीची माणसे येऊन गेली. पण तिकीट न मिळालेल्या कार्यकर्त्याची सोय लावण्याची जागा म्हणूनही मंडळाकडे पाहिले गेले, हे नाकारता येत नाही. शिक्षण हक्काचा कायदा २००९ मध्ये झाला. त्यानंतर २०१३ मध्ये राज्याने १९४७ चा कायदा रद्द केला आणि ही मंडळे टप्प्याटप्प्याने बंद झाली. मंडळ गेले, कारभार अधिकाऱ्यांकडे आला. अधिकारी येतो तो बदलीच्या आदेशाने आणि जातो तोही बदलीच्या आदेशाने. ज्यांची मुले त्या शाळेत बसतात त्यांना यात कोठेही जागा नाही.

आता कोणी म्हणेल, सगळे लोकांच्या हाती देऊन टाका, प्रश्न मिटला. बंधूंनो, इथे थोडे थांबले पाहिजे. लोकांच्या हाती म्हणजे कोणत्या लोकांच्या?

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. प्राथमिक शाळेतला शिक्षक कोण असावा, हेही त्यांनी सांगितले. तो शेतकरी वर्गातून आलेला असावा, मुलांच्या घरच्यांत मिसळणारा असावा, वेळ पडल्यास नांगर धरायला न लाजणारा असावा, असे त्यांचे म्हणणे होते. शाळा किती, एवढाच प्रश्न नसतो. शाळेत कोण बसवला आहे, हाही प्रश्न असतो, हे जोतीरावांनी तेव्हाच ओळखले होते.

बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर भाषण केले. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात, उरलेली ८२ गळतात आणि पुन्हा निरक्षर होतात, हा हिशेब त्यांनी सभागृहापुढे ठेवला. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी निवेदन दिले. त्यात त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून आजही माणूस विचारात पडतो. प्राथमिक शिक्षण स्थानिक शाळा मंडळांच्या हाती सोपवण्याला त्यांनी विरोध केला. लोकशाहीचा एवढा मोठा पुरस्कर्ता लोकांच्या मंडळाला विरोध का करतो? कारण त्या मंडळांत आपला माणूस नव्हता. ज्यांना अस्पृश्यांच्या मुलाने शिकावे असे वाटतच नव्हते, त्यांच्याच हाती त्या मुलाची पाटी जाणार होती. निवड लोकांनी केली म्हणजे ती न्यायाची झाली, असे नाही. निवडणाऱ्यांत शेवटच्या बाकावरच्या मुलाचा बाप आणि आई बसली पाहिजे, तेव्हाच ती न्यायाची होते. माझ्या आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

बाहेरच्या जगात काय होते, तेही थोडे पाहू. अमेरिकेत मोठ्या शहराच्या सर्व सरकारी शाळांवर एक प्रमुख असतो. अनेक शहरांत लोकांनी निवडलेले शिक्षण मंडळ त्याला नेमते. काही शहरांत हा अधिकार महापौराकडे आहे. न्यूयॉर्क शहरात २००२ पासून तो महापौराकडे आला. तेथे सुमारे ११ लाख मुले सरकारी शाळांत होती. २०१० च्या अखेरीस महापौर ब्लूमबर्ग यांनी या पदासाठी कॅथी ब्लॅक या बाईंची निवड जाहीर केली. त्या मासिके काढणाऱ्या मोठ्या कंपनीच्या कर्तबगार अधिकारी होत्या, पण शिक्षणाच्या कामाचा अनुभव त्यांना नव्हता. राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडून पात्रतेच्या अटीतून सूट घ्यावी लागली. उघड शोध नाही, पालकांशी चर्चा नाही. जानेवारी २०११ मध्ये त्या पदावर आल्या आणि एप्रिलमध्ये त्यांना पद सोडावे लागले. तीन महिन्यांत खेळ आटोपला.

यावरून शिक्षक नसलेला माणूस या पदावर कधीच चालत नाही, असा निष्कर्ष मी काढत नाही. ब्लॅक यांच्या आधीचे जोएल क्लाइन पेशाने वकील होते. ते ८ वर्षे टिकले. त्यांच्या कामाविषयी मात्र तिथे मतभेद राहिले. माझा मुद्दा वेगळा आहे. बंद खोलीत निवडलेल्या माणसावर लोकांचा विश्वास बसायला वेळ लागतो, आणि मुलांच्या शाळेचे वर्ष कोणासाठी थांबत नाही.

भगवान बुद्धांनी केसपुत्त गावी कालामांना काय शिकवले? ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका. स्वतः पारखा, हित कशात आहे ते पाहा, मग स्वीकारा. माणूस निवडतानाही हीच चिकित्सा हवी. मी चार कसोट्या सुचवतो.

पहिली, या माणसाने महापालिकेच्या शाळेचा वर्ग आतून पाहिला आहे काय? पाहणी म्हणजे फीत कापणे नव्हे. दुसरी, किती इमारती रंगवल्या हे सांगण्याआधी तो किती मुले गळाली आणि ती कोणाची होती, हा हिशेब मांडतो काय? बाबासाहेबांनी १९२७ साली मांडला तोच हिशेब. तिसरी, त्याला टिकू दिले जाणार आहे काय? राज्याच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात एका पदावर सर्वसाधारण ३ वर्षांची मुदत सांगितली आहे. निदान तेवढी तरी मिळाली पाहिजे. चौथी, वर्षातून एकदा पालकांपुढे उभे राहून तो उत्तर देणार आहे काय?

आणि निवडणाऱ्यांत आयुक्त असोत, तज्ज्ञ असोत, शिक्षक असोत, पण पालकही असलेच पाहिजेत. यासाठी नियम बदलावे लागतील हे मला ठाऊक आहे. नियम माणसांनीच केलेले असतात.

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे काय? नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने प्रत्येक सरकारी व महापालिका शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. १९२८ साली जी जागा आपल्याला नव्हती, ती आज कायद्याने दिली आहे. आणि आपण काय करतो? सभेची नोटीस आली की म्हणतो, आज खाडा परवडत नाही. मग सह्या होतात, वही बंद होते. माझी विनंती आहे, शहरात असलेल्या आपल्या लेकी-सुनांना, भावांना आज रात्री फोन करा. समितीची सभा कधी आहे, विचारा. आणि हे लोहाऱ्यातल्या शाळेलाही तितकेच लागू आहे.

माझी बहीण पुढच्या वर्षी त्या समितीत गेली. पहिल्या सभेत ती बोललीच नाही. दुसऱ्या सभेत तिने एकच वाक्य सांगितले, गणिताला शिक्षक नाही हे वहीत लिहा. ठराव झाला, कचेरीत गेला. शिक्षक लगेच आले नाहीत, दिवाळीनंतर आले. तिच्या मुलाचे एक वर्ष गेले ते गेलेच. पण मागून आलेल्या वर्गाचे वाचले. आज ती मला म्हणते, "दादा, आता पुढच्या साहेबाला नेमताना आम्हाला का विचारत नाहीत, हे पण वहीत लिहायचंय."

हा प्रश्न वहीत लिहिणाऱ्या बाया-माणसे प्रत्येक शाळेत निर्माण होवोत, एवढी अपेक्षा व्यक्त करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

जयभीम. नमो बुद्धाय.